तळचं पाणी

“बास कर आता,” आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या. “किती घुसळशील? पानी हाय ते, ताक न्हाई.”

मी जर्मनच्या मोठ्या भगुल्यात तुरटी फिरवत होते. गंगेला पूर होता. गोदावरीला आमच्याकडे कोणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. पुराच्या दिवसांत तिचं पाणी गेरू कालवल्यासारखं येई. ते भगुल्यात ओतायचं, तुरटीचा खडा धरून गोल गोल फिरवायचं, हात काढून घ्यायचा आणि वाट बघायची. पाणी फिरून फिरून दमायचं. वर निवळशंख व्हायचं आणि गाळ तळाशी मधोमध गोळा व्हायचा, पेढा ठेवल्यासारखा. कडेला कधी नाही, मधोमधच. वरचं पाणी वाटीने काढून घ्यायचं आणि पेढा उकिरड्यावर टाकायचा. जन्मापासून हे बघत आले होते. रोज दिसणाऱ्या गोष्टीला कोणी विचारत नाही की बाई, तू अशी का.

माझे मालक दारात जाळं सांधत बसले होते. म्हणाले, “फिरवू द्या की आई. पुराचं पानी हाय, पोटात काय काय जातं.”

“बायकूची बाजू घेतो. घे.”

तेवढ्यात देशमुखांचा गडी बोळातून पळत आला. पोळ्याचा आदला दिवस होता, गावभर बैल धुण्याची घाई चाललेली. गड्याच्या अंगावरून पाणी गळत होतं.

“मसाजी, चल बाबा. शिवदास बापू गेले.”

“कुठं गेले?”

“गंगंत. बैल धूत व्हते. बैल भायेर निघाला, बापू न्हाई निघाले.”

शिवदास म्हणजे बळवंतराव देशमुखांचा पुतण्या. नुकतं लग्न झालेला. मालकांनी जाळं खाली ठेवलं. आत्याबाई आत गेल्या आणि दोन वस्तू घेऊन आल्या. एक वाळलेला भोपळा आणि एक दगड.

आम्ही भोई. पाऊस सरला की गंगेच्या वाळूत कलिंगडाच्या वाड्या करायच्या, उन्हाळाभर ती विकायची, बाकीच्या दिवसांत मासे धरायचे, लोकांना पल्याड सोडायचं. आणि गंगेत कोणी बुडालं की त्याला शोधून काढायचं. हे शेवटचं काम आमच्या घराकडे पिढ्यान् पिढ्या होतं. त्याची रीत ठरलेली. बुडालेल्याच्या अंगावरचं वस्त्र भोपळ्याला बांधायचं, त्याच्या आईनं हळदकुंकू लावायचं आणि जिथे माणूस गेला तिथे भोपळा सोडून द्यायचा. तो वाहत जातो. जिथे थांबून गोल फिरायला लागतो, तिथे गंगेनं बोट दाखवलं असं समजायचं. मग भोयानं तिथेच बुडी मारायची. भोपळ्यानं बोलावल्यावर मागं फिरायचं नाही.

दगड बुडीसाठी. काळा, पाट्याच्या वरवंट्याहून जाड, मधोमध भोक पाडलेला. माझ्या आजेसासऱ्यांनी त्यावर छिन्नीने तीन रेघा मारल्या होत्या, घरची खूण म्हणून. हा कमरेला बांधला की माणूस सरळ तळाशी जातो. वर यायचं तेव्हा सरगाठीचं टोक ओढायचं, दगड सुटतो. त्याला वेगळी बारीक दोरी असते, तो मागाहून ओढून घ्यायचा. घरात असे दोन दगड होते, दोघा भावांचे दोन. धाकटा सुदाम तेव्हा विशीतला. त्याच्या दगडाला अजून पाणी लागलं नव्हतं.

घाटावर सगळं गाव जमलं होतं. आमच्या गावापाशी गंगा मोठं वळण घेते. गाव वळणाच्या बाहेरच्या अंगाला, उंच कड्यावर. पल्याड आतल्या अंगाला नुसती वाळू, नजर पुरत नाही इतकी. दर पुराला कडा थोडा खचतो. महादेवाच्या देवळाच्या पायऱ्या माझ्या डोळ्यांदेखत एकेक करून गंगेत गेल्या. आणि पल्याडची वाळू तेवढीच पुढे सरकते. जुनी माणसं म्हणायची, गंगा आपल्याकडून घेते आणि पल्याड दान करते, तिला सावत्र लेकरं जास्त लाडकी.

शिवदासच्या आईला धरून आणलं. तिनं भोपळ्याला कुंकू लावलं. त्याचा सदरा बांधला. मालकांनी भोपळा सोडला. तो थोडा वेळ मधल्या धारेला सरळ गेला, मग वळण सुरू झालं तसा आमच्या काठाकडे ओढला गेला, आणि कड्याच्या बरोबर खाली जाऊन फिरायला लागला. तिथे नेहमीचा भोवरा होता. सगळ्यांनी हात जोडले.

“मसाजी,” बळवंतराव म्हणाले, “त्याच्या आईला पोराचं तोंड दिसू दे.”

“बघतो जी.”

मी जवळ गेले. बाईमाणसानं बुडीच्या वेळी बोलू नये असं होतं, तरी बोलले. “आवं, उद्याच्याला पानी उतरंल. आज लई जोर हाय.”

“भोपळ्यानं बोलावलं ना वं.”

“भोपळ्याचं काय जातंय बोलवायला? त्यो वरच्यावर फिरतो. खाली जायचं तुमाला.”

ते हसले. “मग त्याची भाजी कर. मी आलो की खाऊ.”

हे आमचं शेवटचं बोलणं.

कड्याखाली एक खडकाची पायरी होती. तिथून ते उतरले. कमरेला दगड, काखेतून मोठा दोर. दोराचं दुसरं टोक वर सुदामच्या हातात, त्याच्यामागे भोईगल्लीतले चार गडी. पहिल्या बुडीला ते लवकर वर आले. दगड सुटलेला होता, तो ओढून घेतला. खडकाला धरून धापा टाकत म्हणाले, “सुद्या, खाली ओढ हाय रं. पानी खाली उतरतंय, जिना उतरल्यावानी.”

“मंग ऱ्हाऊ द्या दादा.”

“एक डाव बघतो.”

दगडाच्या दोरीत त्यांचा पाय गुंतला होता, म्हणून ती त्यांनी काढून टाकली, आणि दगड पुन्हा कमरेला बांधला. दुसऱ्या बुडीला दोर आधी सरळ खाली गेला. मग वाकडा झाला. भोपळा कड्याशीच गिरक्या घेत होता, आणि दोर मात्र पाण्याखालून नदीच्या मधे चालला होता, वाळूच्या बाजूला. सुदामच्या हातातून सरसर सुटत होता.

“दोर पल्याड कामून चाललाय?” सुदाम ओरडला.

“भवऱ्यात दोर असाच फिरतो,” मागून कोणीतरी म्हणालं. “धरून ऱ्हाय.”

सगळ्यांनी दोर ताणला. तो खडकाच्या धारेवर घासत होता, हे वरून कोणाला दिसलं नाही. मग एकदम सगळे गडी मागे पडले, एकमेकांच्या अंगावर. दोर हलका झाला होता. ओढून काढला तेव्हा टोकाचे धागे पिंजलेले होते, म्हाताऱ्याच्या शेंडीसारखे.

आत्याबाईंनी टोक हातात घेतलं, बघितलं, आणि खाली ठेवून दिलं. रडल्या नाहीत. भोपळा फिरतच होता.

दुसऱ्या दिवशी पाणी थोडं उतरलं आणि शिवदास सापडला. कड्याखाली नाही. पल्याड, वाळूच्या टोकाला, अर्धा वाळूत रुतलेला. गुराख्यांना दिसला. देशमुखांनी माणसं पाठवून आणला आणि त्याच दिवशी घाटावर त्याला अग्नी दिला. लोक म्हणाले, गंगेनं भोई ठेवून घेतला आणि बापू परत दिला. एकाच्या बदल्यात एक. बळवंतराव आमच्या दारात येऊन उभे राहिले, टोपी काढली, आणि परत गेले. त्यांना मी दोष देत नाही. काय बोलणार होते?

त्यानंतर आत्याबाईंनी दुसरा भोपळा काढला.

मालकांची बंडी त्याला बांधली. स्वतःच्या हातानं कुंकू लावलं. पुन्हा तोच घाट, तीच माणसं, आता थोडी कमी. भोपळा सोडला. तो मधल्या धारेला सरळ गेला, वळणाला लागला, आमच्या काठाकडे आला आणि कड्याखाली फिरायला लागला. त्याच जागी.

“बोलावतोय,” आत्याबाई म्हणाल्या. “दादा बोलावतोय तुला, सुदाम.”

त्यांनी खडकाच्या पायरीवर दुसरा दगड त्याच्यापुढे ठेवला. सुदाम दगडाकडे बघत होता. त्याचं ओलं धोतर पायाशी हलत होतं. वारा नव्हता.

“आत्याबाई,” मी म्हणाले, “बापू तिथं न्हाई सापडला. भोपळा तिथं फिरत व्हता आन् बापू पल्याड निघाला.”

“मग?”

“भोपळा चुकला.”

“चुकला?” त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. “गंगामाय चुकली? तू आलीस कुठून वं? कोरडवाहू गावातून. तुह्या बापाच्या हिरीला उन्हाळ्यात पानी ऱ्हात न्हाई, आन् तू गंगंच्या चुका काढायलीस?”

“बापू तिथं न्हवता. मालक तिथं असतील कशावरून?”

“त्यो तिथंच उतरला. तिथंच हाय.”

“दोर पल्याड जात व्हता. समद्यांनी बघितला.”

ज्यांनी दोर धरला होता ते जमिनीकडे बघत होते. सुदाम दगड उचलायला वाकला.

“सुदाम भाऊजी, ठिवा ते.”

“वैनी, आई म्हनती…”

“एक गेला, आत्याबाई. एकच उरलाय.”

“तुला नवरा नको असंल,” त्या शांतपणे म्हणाल्या. “मला लेक पायजे. गंगंत कुजू देऊ का त्याला? ना अग्नी, ना पिंड. भूत होऊन फिरंल त्यो.”

मी खडकाच्या कडेला पाण्यापाशी उतरले. लांब काठी घेतली, भोपळ्याला गुंतवून ओढला. माझ्या नवऱ्याची बंडी त्याला होती. तो मी खडकावर ठेवला आणि सुदामच्या पायाशी पडलेला दगड उचलून त्याच्यावर घातला. वाळलेला भोपळा फुटला की मोठा आवाज होतो. आत नुसत्या बिया खुळखुळत होत्या. त्या पाण्यावर पडल्या आणि त्याही कड्याशी गोल गोल फिरायला लागल्या.

भोपळा फोडणं म्हणजे काय हे आमच्या लोकांबाहेर कळणार नाही. गंगेच्या तोंडावर हात मारण्यासारखं आहे ते. फुटल्यावर तिथे बुडी मारता येत नाही, त्या माणसासाठी पुन्हा भोपळा सोडता येत नाही. शोध संपला. त्या एका घावात मी माझ्या नवऱ्याला कायमचं गंगेत ठेवलं, हे मला समजत होतं. सुदामही समजला. त्यानं एक लांब श्वास सोडला. मग लोकांकडे वळून मोठ्यानं म्हणाला, “वैनीनं फोडला. मी तं निघालोच व्हतो.”

त्या वेळी मला त्याचं काही वाटलं नाही. जिवंत होता, तेवढं बस होतं.

आत्याबाईंनी माझ्याशी बोलणं सोडलं नाही. बोलणं सोडलं असतं तर बरं झालं असतं. त्या रोज बोलायच्या. “मसाजीला गंगंत ठिवणारी, मीठ दे.” “मसाजीला गंगंत ठिवणारी, दिवा लाव.” दर अमावस्येला त्या एक भाकरी घेऊन कड्यावर जायच्या, खाली भोवऱ्यात टाकायच्या आणि ती फिरून बुडेपर्यंत बघत बसायच्या. बाप मला न्यायला आला होता. मी गेले नाही. गेले असते तर भोपळा फोडून पळाली असं झालं असतं. लेकरूबाळ नव्हतं. सुदामचं लग्न मीच उभी राहून केलं. पाऊस सरला की पल्याडच्या वाळूत आम्ही वाड्या घालायचो, कंबरभर पाण्यातून शेणखताच्या पाट्या डोक्यावर नेत. वाळू दरवर्षी थोडी वाढलेली असे, तशा वाड्याही वाढत. कलिंगडं चांगली यायची. सगळ्यात गोड यायची ती टोकाच्या पट्ट्यातली.

दिवस गेले. केस पिकले. गावात प्रौढांचा वर्ग निघाला, त्यात मी अक्षरं शिकले, म्हणून आज हे लिहिता येतंय. मग बंधाऱ्याची मोजणी आली. मोजणीवाल्यांत मृणाल नावाची एक मुलगी होती, शहरातली, उन्हानं नाक सोललेली. नदीच्या वळणांचाच अभ्यास केला होता तिनं. दुपारच्याला आमच्या ओसरीवर येऊन बसायची, नकाशा पसरायची. मी अक्षरं जुळवून त्यावरचं वाचलं, ‘वाळूचा पट्टा’, तर तिला माझ्याहून जास्त आनंद झाला.

त्या दिवशी पाणी गढूळ आलं होतं आणि मी भगुल्यात तुरटी फिरवत होते. ती बघत होती.

“मावशी, गाळ मधेच का जमतो, माहितीय?”

“जमतो बाई. पयल्यापासून तसाच जमतो.”

“खरं तर कडेला जायला पाहिजे ना? गोल फिरवलं की सगळं बाहेर फेकलं जातं. गोफण फिरवतात तसं.”

मी भगुल्याकडे बघितलं. खरंच की.

“वरचं पाणी जोरात फिरतं,” ती म्हणाली, “ते बाहेर फेकलं जातं आणि कडेला चढतं. पण तळचं पाणी भांड्याच्या बुडाला घासतं ना, ते मंद होतं. त्याच्यात बाहेर जायचा जोर उरत नाही. उलट कडेला चढलेल्या पाण्याचा दाब त्याला आत रेटतो. म्हणजे बघा, वरून पाणी बाहेर जातं, कडेनं खाली उतरतं आणि तळातून आत येतं. येताना गाळ आत लोटत आणतं. आणि तुमची गंगा पण हेच करते, त्या वळणावर.”

“गंगा?”

“वळण म्हणजे अर्धं भगुलंच की. वरचं पाणी तुमच्या कड्यावर येऊन आदळतं, तिथं खाली उतरतं, कडा खणतं. आणि तळातून पल्याड जातं, वाळू घेऊन. म्हणून इकडे कडा खचतो, तिकडे वाळू वाढते. जितकी नदी वळते तितकी आणखी वळत जाते. कोणी वळवत नाही तिला. पाण्याचा स्वभाव आहे तो, भगुल्यात काय आणि गंगेत काय.”

जिना उतरल्यावानी, असं ते म्हणाले होते. मला खडकाला धरलेले त्यांचे हात दिसले.

“बाई,” मी विचारलं, “समज, भोपळा टाकला वळणाच्या वर.”

“तो वर तरंगणार. कड्याला येणार.”

“आन् बुडालेला माणूस?”

“बुडालेला तळाशी. तो पल्याड, वाळूकडे सरकत जाणार.”

“आन् त्याच्या कंबरंला दगड असंल तर?”

तिला ते कोडं वाटलं असावं. पेन्सिलीनं नकाशावर टकटक करत ती हसून म्हणाली, “मग तर तो वर येणारच नाही. वाळूत जाऊन बसणार. दर पुराला वर आणखी वाळू. इथे कुठेतरी, ह्या टोकाच्या पट्ट्यात…” तिनं मान वर केली. माझं तोंड बघितलं आणि पेन्सिल खाली ठेवली.

मी उठून भगुल्यातलं पाणी वाटीनं काढायला लागले.

आत्याबाईंना सांगितलं नाही. काय सांगणार होते? सांगितलं ते फक्त सुदामला. कारण पुढच्याच हिवाळ्यात त्या वाळूवर मशीन आलं. ठेका एका शहरातल्या माणसाचा होता, आणि राखण, गाड्या भरून देणं, मजूर लावणं हे सगळं सुदामकडे होतं. आता तो सुदामशेठ झाला होता. डोळ्यांवर काळा चष्मा, हातात मोबाईल. आमच्या वाड्या गेल्या. त्याला मी बोलले नाही. वाळू कोणाच्या बापाची नसते, आमच्याही नव्हती.

मी त्याच्या पत्र्याच्या खोलीपाशी गेले. त्यानं खुर्ची दिली, चहा मागवला. मी त्याला सगळं सांगितलं. भगुलं सांगितलं, वरचं पाणी, तळचं पाणी, दोर पल्याड का जात होता ते. तो चष्मा काढून ऐकत होता.

“तुमचे दादा ह्या वाळूत हाईत,” मी म्हणाले. “टोकाच्या पट्ट्यात. काळा दगड, मधी भोक, तीन रेघा. दिसला की मशीन थांबवा. मला बोलवा. दुसरं काय मागत न्हाई.”

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं आलं, खोटं म्हणणार नाही. “वैनी, तुमच्यामुळं मी हाय. त्या दिशी तुमी भोपळा फोडला नसता तं मी बी तिथंच असतो. दादाच्या केसालाबी धक्का लागू देणार न्हाई.”

“शपथ?”

“आईची.”

मी रोज इकडून कड्यावर बसून बघायचे. पिवळं मशीन मान खाली घालून वाळू उचलायचं, चाळणीवर टाकायचं, गाड्या भरून जायच्या. मोठ्या चरव्यांनी कोणी हंडा रिकामा करत असावा तसं. टोकाचा पट्टा हळूहळू कमी होत गेला. मग तिथे वाळूच्या जागी खड्डा दिसायला लागला, त्यात हिरवं पाणी. माझ्याकडे कोणी बोलवायला आलं नाही. मला वाटलं, मृणालचं चुकलं असेल. नदीला कोणाची अक्कल पुरते? थोडं बरंही वाटलं.

सुदामच्या नातवाचं बारसं होतं. त्यानं वाळूच्या पल्याडच नवं घर बांधलं होतं, रस्त्याला लागून, दोन मजली. मी पायातल्या वहाणा काढून आत जात होते. पुढचं लोखंडी फाटक वाऱ्यानं लागू नये म्हणून त्याच्या बुडाशी एक दगड लावून ठेवला होता. काळा. मधी भोक. मी खाली बसले. पदरानं वरची धूळ पुसली. तीन रेघा होत्या, आजेसासऱ्यांच्या.

त्यांचा दुसरा दगड, सुदामचा, आमच्या घरी माळ्यावर होता. तो मी सकाळीच बघितला होता.

सुदाम बाहेर आला. “अहो वैनी, असं दारात काय बसलात, पाळण्याला हात लावा…” आणि थांबला.

“कव्हा सापडला?”

त्यानं मागे वळून बघितलं. आत बायका पाळणा म्हणत होत्या. तो माझ्याजवळ उकिडवा बसला.

“दिवाळीच्या आगंमागं.”

“आन् ते?”

“वैनी, हळू बोला.”

“ते कुठं हाईत, सुदाम भाऊजी?”

“हाडं व्हती थोडी. चाळणीवर आली. गड्यांना वाटलं गुराची हाईत.” त्यानं घाम पुसला. “मी म्हनलं असतं तर पोलीस आले असते. पंचनामा. तहसीलवाले. समदं काम बंद. ठेकेदारानं मला उभा जाळला असता. लेकाच्या गाड्यांचे हप्ते चालू हाईत, वैनी. मेलेल्या माणसापायी जित्या माणसांनी काय करावं? तुमीच तं त्या दिशी तसंच म्हनला व्हता.”

मी तसं म्हणाले नव्हते. पण केलं तसंच होतं.

“हाडं कुठं टाकली?”

तो फाटकाची कडी चाचपत राहिला.

“कुठं टाकली?”

“टाकली न्हाईत. गाडी भरलेली व्हती. वाळूसंगं गेली.” तो जमिनीकडे बघत म्हणाला. “शहराकडं जाती ती वाळू. कुठंतरी बिल्डिंगा चालू हाईत. सलाबात, नाहीतर भितीत… काय सांगता येत न्हाई.”

“आन् दगड कामून ठेवला?”

“दादाचा व्हता,” तो म्हणाला. “टाकवंना.”

मी दगड पदरात घेतला. फाटक वाऱ्यानं हळूच लागलं. सुदाम म्हणाला, “आईला सांगू नका. म्हातारी मरून जाईल.” मग आतून कोणीतरी त्याला हाक मारली आणि तो उठून गेला. पाळण्याला मी हात लावला नाही.

खड्ड्याच्या कडेनं, उरलेल्या वाळूवरून, गंगेतून मी घरी आले. पाणी घोट्याएवढंच होतं तिथे. दगड जड होता. घरी आले तर आत्याबाई बाजेवर उठून बसल्या होत्या. डोळे केव्हाच गेले होते, पाय चालत नव्हते. दारात पावलं वाजली की त्या तोंड वर करायच्या.

“आली का मसाजीला गंगंत ठिवणारी?”

“आले आत्याबाई.”

“दुपारपास्नं आवस लागली. ध्यानात हाय का?”

“हाय.”

“माह्या पायात बळ न्हाई. तू जाय. भाकरी कर, ताजी कर. शिळी टाकू नको त्याच्या तोंडात.”

मी दगड भगुल्याशेजारी ठेवला. चूल पेटवली, पिठात मीठ घातलं, भाकरी केली. त्यांना हातात दिली. त्यांनी ती चाचपून बघितली, कड नीट भाजली का ते बोटांनी पाहिलं आणि परत दिली.

सांजेच्या आधी मी कड्यावर गेले. देवळाची शेवटची पायरी उरली होती, तिच्यावर बसले. पल्याड मशीन थांबलेलं होतं, त्याची मान वर होती. भाकरी मी वळणाच्या वरच्या अंगाला टाकली. ती सरळ मधे गेली, वळणाला लागली, आमच्या काठाकडे आली आणि कड्याखाली गोल फिरायला लागली. फिरत राहिली. मग भिजली आणि खाली गेली.

घरी आले तेव्हा आत्याबाई तशाच बसलेल्या होत्या.

“घेतली का त्यानं?” त्यांनी विचारलं.

“घेतली,” मी म्हणाले.